कोंडाबाईची राखण

पाखरांना घाबरवणं हे कोंडाबाईचं काम, आणि सगळ्या रांधा गावात तिच्याएवढी घाबरट बाई दुसरी नव्हती. शेजारीण शोभा तिला तोंडावर म्हणायची, "तुझ्या गोफणीला होले भितात आणि तू होल्याच्या सावलीला." कोंडाबाई हसून सोडून द्यायची, पण हसतानाही तिची नजर आपली मुलगी सोनी कुठे आहे ते शोधत असायची.

ही भीती तिला जन्माबरोबरच मिळाली होती. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळच्या तिच्या गावी तिच्या आधीची तीन भावंडं वर्षाची व्हायच्या आत गेली, म्हणून हिचं नाव कोंडा ठेवलं. भाताचा असो की बाजरीचा, कोंडाच तो. त्याला न्यायला कोण कशाला येईल, असा आईबापाचा विचार. नवरा चिंधा, त्याचीही तीच कथा. जन्मला तसा त्याला फाटक्या चिंध्यांत गुंडाळून उकिरड्यावर ठेवलं आणि सापडलेलं पोर म्हणून पुन्हा उचलून घरात आणलं. दोघं अशी नावाच्या आडोशाने जगली. पण त्यांच्या स्वतःच्या पहिल्या दोन मुलांना आडोसा पुरला नाही. एक तापात गेलं, एक हगवणीत.

त्यानंतर चौऱ्याऐंशी साली चिंधा सिल्वासाला आला. राखोलीच्या बाजूला सुताचा एक कारखाना नवीन निघाला होता, तिथे लागला. रांध्याच्या कडेला मजुरांची पत्र्याची चाळ होती, तिच्यातली एक खोली घेतली आणि बायकोला बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी मुलगी झाली. कोंडाबाईने नाव काढलं, दगडी. चिंधा अडून बसला.

"आठे कोणी असलं नाव ठेवत नही," तो म्हणाला. "कारखान्यात सगळे हसतीन. मनी पोर सोनी शे."

सोनी नाव पडलं. त्या दिवसापासून कोंडाबाईला वाटायचं, आपण दाराबाहेर दागिना टांगून आत झोपतोय.

राखणीचं काम तिला सोनी दोन वर्षांची असताना मिळालं. तोवर धरणाच्या कालव्याचं पाणी रांध्याच्या शेतांपर्यंत आलं होतं. पूर्वी पावसाळ्यातलं एक भात निघालं की शेतं दिवाळीनंतर मोकळी पडायची. आता ज्यांच्या बांधाला कालवा लागला ते उन्हाळी भातही घेऊ लागले. रघुनाथकाका त्यांतले पहिले. गावचे जुने खातेदार, बोलण्यात निम्मं गुजराती, निम्मं मराठी, मनाने वाईट नाहीत. त्यांना जानेवारीत रोपाच्या वाफ्यांवर आणि पुढे कणसात दाणा भरताना पाखरं हाकायला माणूस हवं होतं. कोंडाबाई माहेरी बाजरीच्या माळ्यावर उभी राहून लहानपणापासून हेच करत आलेली.

तिची रीत इथल्यापेक्षा निराळी होती. ती गोफणीत दगड घालत नसे. कालव्याच्या कडेची चिकण माती मळून लिंबाएवढे गोळे करायची, दोन दिवस उन्हात वाळवायची. मातीचा गोळा हवेतच फुटतो किंवा पडला की भुगा होतो. आवाज होतो, पाखरू उठतं, मरत नाही. आणि बी पेरायच्या दिवशी ती आणखी एक गोष्ट करायची. काकांच्या पोत्यातलं तीन ओंजळी बी घेऊन लांबच्या बांधावर, बाभळीखाली, पाखरांसाठी टाकायची. तो पाखरांचा वाटा. माहेरी तिचा बापही असंच करायचा. पाखरं तिथे उतरतात, पोटभर खातात आणि वाफ्यांकडे फारशी येत नाहीत. पहिल्या वर्षी रघुनाथकाका कुरकुरले.

"कोंडाबेन, तुला राखायला ठेवली का वाटायला?"

"काका, घरातल्या पोरांना आधी वाढलं म्हणजे ती चोरून खात नाहीत," ती म्हणाली.

काका हसले. पुढे ते विचारायचेही बंद झाले. त्यांच्या वाफ्यांत बी सगळ्यांपेक्षा दाट उगवतं, हे त्यांना दिसत होतं.

सोनी आईबरोबर बांधावरच वाढली. तिला अक्षरं यायच्या आधी पाखरं आली. शाळेतल्या प्रमिलाबाईंनी एकदा मुलांना माहीत असलेल्या पक्ष्यांची नावं लिहायला सांगितली. बाकीच्यांनी सात-आठ लिहिली, सोनीने एकतीस. प्रमिलाबाई कोकणातल्या, नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे सिल्वासात आलेल्या, आणि त्यांना हे खरं वाटेना. रविवारी त्या सोनीचा हात धरून बांधावर आल्या आणि दुपारपर्यंत तिथेच बसल्या. मग त्या अधूनमधून येऊ लागल्या, एक वही घेऊन. त्यांना आकडे हवे असायचे. कोंडाबाईला वाचता येत नव्हतं, पण तिच्या डोक्यात प्रत्येक बांध होता.

"टिटवीची घरटी किती असतात इथे?" बाईंनी विचारलं.

"आम्ही आलो त्या साली कालव्यापासून बाभळीपर्यंत चौदा. सोनी पळायला लागली तवा नऊ. औंदा चार."

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"गेल्या नाहीत, बाई. आल्याच नाहीत."

प्रमिलाबाईंचं पेन थांबलं. कोंडाबाईलाही आपण काय बोललो ते बोलल्यावरच ऐकू आलं. पाच वर्षं ती पाखरांना जा म्हणत होती. एक दिवस ती खरंच येणार नाहीत, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यानंतर रोज सकाळी शेतावर गेली की ती आधी आकाश बघायची आणि थवा दिसेपर्यंत तिचा जीव खाली-वर व्हायचा. थवा दिसला की ती गोफण उचलायची.

त्र्याण्णव सालच्या संक्रांतीचा दिवस. गुजरातेसारखी इथेही उत्तरायणाला सगळी पोरं पतंगांच्या मागे असतात. शाळेला सुट्टी होती. चिंधाला कारखान्यात सुट्टी मिळाली नव्हती, तो दोन्ही पाळ्या करणार होता. रघुनाथकाकांनी सणाचा मुहूर्त धरून पहाटेच वाफ्यांत मोड आलेलं बी टाकलं होतं आणि पूजेसाठी ते घरी गेले होते. कोंडाबाई सोनीला घेऊन आली तेव्हा पंपाच्या खोलीत दोन पोती होती. एक रिकामं. दुसऱ्याचं तोंड उघडं, त्यात थोडं कोरडं बी, गुलाबी रंगाचं.

तिने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. पेरणीच्या पोत्याला हळदकुंकू वाहतातच. काकीने सणाचं म्हणून यंदा हात जरा सढळ सोडलेला दिसतो. तिने तीन ओंजळी भरून पदरात घेतल्या, बाभळीखाली नेऊन टाकल्या आणि हात झटकले. बोटं गुलाबी झाली होती. तिने ती लुगड्याला पुसली आणि रोजच्यासारखी त्याच बोटाने दातांना मिसरी लावली.

सोनी तोवर चाळीतल्या पोरांबरोबर कटलेल्या पतंगामागे धावत गेली होती. "कालव्याकडे जाऊ नको गं!" कोंडाबाई ओरडली. तिची भीती नेहमी पाण्याची असे.

तासभर वाफ्यांवर एकही पाखरू आलं नाही. आधी तिला वाटलं, वाटा चांगला लागू पडला. मग तिला ते बरं वाटेना. एवढं शांत शेत तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या ओठांना मुंग्या येत होत्या, तोंडाला पाणी सुटत होतं. तिने दोनदा थुंकून टाकलं. तिसऱ्यांदा थुंकायला वळली तेव्हा तिला टिटवी दिसली.

टिटवी बांधावर चालत होती, पण गोल गोल. एक पंख जमिनीवर घासत होता. कोंडाबाईला वाटलं, घरट्यावरून लक्ष वळवायला सोंग करते आहे, टिटव्या करतात तसं. ती दोन पावलं पुढे गेली. टिटवी ओरडली नाही. ती कुशीवर पडली, पायांनी हवा मारत राहिली आणि थांबली.

कोंडाबाई बाभळीकडे धावली. बांधाच्या पलीकडे होले पडले होते. त्यांच्यामध्ये चिमणीहून बारीक मनोल्या, वाळलेली फळं पडावीत तशा. काही अजून चोच उघडत होत्या, पण आवाज निघत नव्हता. मधे एवढीशी लावी आपल्याच पायांत अडकून बसली होती. तिच्या चोचीला एक गुलाबी दाणा चिकटला होता.

कोंडाबाईने आपल्या बोटांकडे पाहिलं.

आणि मग तिला आणखी काहीतरी दिसलं. पाखरांच्या मधोमध जागा रिकामी होती. तिथली उचलून नेलेली होती. ओल्या मातीत लहान लहान अनवाणी पावलं होती आणि एका फाटक्या पतंगाचा कागद.

चाळीतली पोरं पडलेलं पाखरू सोडत नाहीत. विजेच्या तारेला लागून पडलेला होला असो की वाऱ्याने पाडलेला, तो घरी येतो. चाळीतल्या बायका तो सोलून तिखट-मीठ लावून शिजवतात. कोंडाबाईनेही शिजवला होता. आणि ज्या पोराने आणला त्याला काळीज निखाऱ्यावर भाजून आधी द्यायचं, ही सगळ्या चाळीची रीत होती.

ती धावली. गोफण कुठे पडली तिला कळलं नाही. शेतातून चाळीपर्यंत रोज ती सोनीशी बोलत बोलत यायची, तेव्हा वाट संपल्याचं कळत नसे. आज वाट लांबत चालली होती. डोळ्यांसमोर धुकं येत होतं आणि तोंडातलं पाणी हनुवटीवर ओघळत होतं. आपल्या अंगात ते थोडं शिरलंय, हे तिला कळलं होतं. हातावरून एवढं, तर पोटात गेलेल्याचं काय?

चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत शोभाने तीन दगडांची चूल मांडली होती. पातेल्यात रस्सा उकळत होता, लसणाचा वास सुटला होता. भोवती पोरं. शोभाचा विकी ताटली घेऊन पुढेच बसलेला.

कोंडाबाई थेट चुलीपाशी गेली. तिने पातेल्याला लाथ मारली. रस्सा राखेत सांडला, निखारे फसफसले.

"अगं, वेड लागलं का तुला!" शोभा उठली. "सणाच्या दिवशी पोरांच्या तोंडचं उलथवलंस! माझ्या विकीने अर्धी पाखरं उचललीत, तुझ्या एकटीची होती का?"

"कुणी खादं? सांग, कुणी खादं?"

"काय खायचं? शिजलंय कुठे अजून!"

"काळीज. काळीज कुणी खादं?"

 शोभाची नजर कोंडाबाईच्या खोलीच्या दाराकडे गेली. "सोनीने आणली म्हणून सोनीला दिलं," ती म्हणाली. "दोन दिली. का?"

"विख शे त्यात."

"विख? कुणी घातलं?"

 पोरं कोंडाबाईकडे बघत होती. विकीने ताटली जमिनीवर ठेवली.

"मी," ती म्हणाली.

सोनी खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिला घाम आला होता, जानेवारीत. "आई, मला तू दोन-दोन दिसतेस," ती म्हणाली आणि अंगावरच ओकली.

शोभाच्या नवऱ्याचा, लखनचा, छकडा होता. तीन चाकांची ती गाडी एरवी कारखान्यातल्या सुताच्या रिळांच्या पेट्या वाहायची. लखनने पेट्या रस्त्यावर उतरवून टाकल्या. शोभा स्वतःहून मागे चढली, सोनीचं डोकं तिने मांडीवर घेतलं आणि सिल्वासा येईपर्यंत तिच्या तोंडातला फेस पदराने पुसत राहिली. वाटेत ती एकदाच बोलली. "तू का गं टाकलंस?"

"मला ते कुंकू वाटलं," कोंडाबाई म्हणाली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनीच्या पापण्या उचलून बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्यांनी विचारलं, "शेतातली दवा पोटात गेली का?" उत्तराची वाट न बघता त्यांनी सुई टोचली. मग पुन्हा विचारलं, "कुठली दवा? नाव काय?"

"गुलाबी."

"अहो, रंग नाही. पाकीट, डबा, काही असेल ना? पुढची औषधं त्यावर ठरतील. कुणाच्या शेतातलं? त्याला बोलवा. लगेच."

लखन छकडा घेऊन परत गेला. कोंडाबाईलाही सुई दिली आणि हातपाय साबणाने धुवायला लावले. ती सोनीच्या खाटेजवळ उभी राहिली. छाती वर येतेय, खाली जातेय. वर येतेय. मधे थांबली की कोंडाबाईचाही श्वास थांबायचा. तिला वाटत होतं, कुणाचा तरी हात आता दारातून आत येईल आणि टांगलेला दागिना काढून नेईल, आणि त्या हाताला तिने स्वतःच वाट दाखवली आहे.

बऱ्याच वेळाने तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. रघुनाथकाका पायऱ्यांजवळ उभे होते. पूजेचं धोतर तसंच, कपाळावर गंध. एक हात सदऱ्याच्या खिशात. ते आत येत नव्हते. पायरी चढायचे, पुन्हा उतरायचे.

ती बाहेर गेली.

"काका, पाकीट आणलं का?"

"कोंडाबेन, आधी ऐक. ते मी वाफ्याच्या कडेला टाकायला आणलेलं. दुकानदार म्हणाला, पाच-पंचवीस पाखरं पडली की बाकीची येत नाहीत. राखणीची गरजच पडत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. सण झाला की सांगणार होतो."

"पाकीट."

"रंग त्यासाठीच असतो गं, की माणसाने हात लावू नये. मला काय ठाऊक तू तेच..."

"पाकीट, काका."

"पोलीस विचारतील. मी तुला वापर म्हणून सांगितलं नव्हतं, एवढं तू..."

"नव्हतं सांगितलं. मी सांगेन सगळ्यांना, मी टाकलं. आता द्या."

काकांनी खिशातून हात काढला. पाकिटाची चार घड्या घालून सुपारीएवढी गुंडाळी केली होती. कोंडाबाईने ती उलगडत उलगडत आत नेली.

सोनी वाचली. तीन दिवस तिला दवाखान्यात ठेवलं, सुयांनी तिचं तोंड कोरडं पडलं आणि ती सारखी पाणी मागत राहिली. चौथ्या दिवशी घरी आणलं तेव्हा शोभा पेज घेऊन आली.

"पातेलं लाथाडलंस ते लाथाडलंस," ती म्हणाली, "पण त्याला केवढा पोचा पाडलास बघ. आता त्यात रस्सा एका बाजूलाच उभा राहतो." मग तिने विकीला जवळ ओढून घट्ट धरलं. पोरगं ओरडेपर्यंत सोडलं नाही.

मेलेली पाखरं दुसऱ्या दिवशी सकाळी लखन आणि प्रमिलाबाईंनी वेचली, कुत्र्यांनी आणि घारींनी खाऊ नयेत म्हणून खोल पुरली. बाईंनी ती मोजली. त्रेसष्ट. होले, मनोल्या, चिमण्या, सात लाव्या. टिटव्या पाच. कोंडाबाईने आकडा विचारला तेव्हा बाईंनी आधी टाळलं.

"सांगा," ती म्हणाली. "माझ्या हातानं गेल्यात. मला किती ते पाहिजे."

बाईंनी सांगितलं.  पाच वर्षं त्या शेतात कोंडाबाईच्या हातून एक पाखरू मेलं नव्हतं. त्या वर्षी त्या बांधांवर टिटवीचं एकच घरटं झालं.

तिने वाटा टाकणं कायमचं बंद केलं. पुन्हा कधी तिने पाखरांसमोर दाणा टाकला नाही, अगदी अंगणातल्या चिमण्यांसमोरही नाही.

चिंधा म्हणत होता, गावाला परत जाऊ. "ही जागा आपली नही."

"गावाला दवा मिळत नही का?" कोंडाबाई म्हणाली. "तठेबी तेच दुकान शे."

रघुनाथकाकांनी कानाला हात लावला, पुन्हा असलं आणणार नाही. पण कोंडाबाईला आता काकांची भीती नव्हती. भीती होती ती शेजारच्या शेतांची. पाखराला बांध कळत नाही. काकांच्या वाफ्यावरून हाकललेला थवा समोरच्या वाफ्यावर उतरणार, आणि तिथलं बी कुठल्या रंगाचं आहे कोण जाणे. आणि चाळीतली पोरं काही पाखरं उचलायची थांबणार नव्हती. एका सणाची भीती पुढच्या सणापर्यंत टिकते, तिसऱ्या सणाला नाही.

म्हणून पुढच्या डिसेंबरात तिने जे केलं ते तिच्यासारख्या बाईकडून कुणाला अपेक्षित नव्हतं. ती प्रमिलाबाईंना बरोबर घेऊन काका धरून कालव्यालगतच्या पाच शेतकऱ्यांच्या घरी गेली.  बोलणं एवढंच: "पाचही शेतं मी राखते. एका राखणीचं जे काका देतात ते पाचांत वाटून द्या. पण दवा लावलेलं बी कुणी टाकायचं नाही." बाईंनी तेच कागदावर लिहून आणलं होतं. चौघांनी अंगठे आणि सह्या दिल्या. त्यांनाही ते परवडत होतं.

पाचवा सुधाकर. वापीकडून आलेला, जमीन खंडाने घेतलेली, हातात सतत गाडीची किल्ली फिरवणारा.

"पाखरं काय तुमची सोयरी आहेत का?" त्याने विचारलं.

"माझी पोरगी आहे, दादा."

"मग पोरीला घरात ठेवा की."

त्याने सही दिली नाही. त्या जानेवारीत त्याच्या वाफ्यांच्या कडेला गुलाबी बी पडलं. तेव्हा कोंडाबाई कालव्याच्या भरावावर जाऊन उभी राहिली. भराव सरकारी, तिथून तिला कुणी हटवू शकत नव्हतं. तिथून तिने सुधाकरच्या शेतावर मातीचे गोळे सोडायला सुरुवात केली. तीच गोफण, तीच आरोळी.  पण पूर्वी पाखरू चुकून उतरलं तर चार दाणे जायचे. आता उतरलं की ते पाखरूच जाणार. "हाऽऽ हो! उठ रे, उठ!" ती ओरडायची, आणि लांबच्या कोपऱ्यात, जिथे गोळा पोचत नव्हता तिथे, एखादा होला उतरलेला दिसला की डबा बडवत भरावावरून धावत सुटायची. संध्याकाळी ती त्या कोपऱ्यात जाऊन पडलेली पाखरं उचलायची आणि पुरायची, पोरांच्या आधी. रोज दोन, रोज तीन.

सुधाकर एकदा खाली येऊन उभा राहिला. "तुम्ही माझं शेत फुकट राखताय, कळतंय का?"

"कळतंय."

"मग पैसे मागू नका हां नंतर."

"नको पैसे. बी रंगवू नका."

तो हसत निघून गेला. दुसऱ्या वर्षीही त्याने तेच केलं आणि तिनेही तेच. सोनीला दहावं वर्ष लागलं होतं; तिला भरावाखाली उतरायची बंदी होती. ती वर बसून बाईंच्या वहीत आकडे लिहायची. शेजारच्या चार शेतांत त्या वर्षी टिटवीची तीन घरटी झाली. तिन्ही घरटी सुधाकरच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर, आणि कोंडाबाईला त्यांचा आनंद व्हायच्या आधी धसका बसला.

तिसऱ्या वर्षी, शहाण्णवच्या जानेवारीत, सुधाकरचा माणूस चाळीत आला. "शेठनी सांगितलंय, यंदा बी साधंच आहे. दवेचा खर्च कशाला, ती बाई तशीही येतेच. वरून नको, खाली येऊन राखा म्हणाले."

कोंडाबाईला ते खरं वाटेना. ती सोनीला घेऊन गेली, पण सोनीला भरावावरच बसवलं. खाली उतरून तिने सुधाकरच्या पोत्यातलं मूठभर बी पांढऱ्या फडक्यावर घेतलं, त्यावर पाणी ओतलं आणि फडकं उन्हात धरलं. रंग उतरला नाही. तिने फडकं उलटून पाहिलं. पुन्हा पाणी ओतलं.

मग ती बांधावर बसली. गोफण शेजारी ठेवलेली. थोड्या वेळात होले उतरले, सात-आठ. ते वाफ्याच्या कडेला टिपू लागले. कोंडाबाई हलली नाही. तिने एक होला डोळ्यांनी धरून ठेवला. तो चार पावलं चालला. मान वर केली. पुन्हा टिपलं. तिच्या कपाळावर घाम आला. आता पंख लोंबेल, आता गोल फिरेल. होला उडून बाभळीवर बसला आणि तिथून हुंकारायला लागला. पण हा तोच होला, की दुसरा? ती दुसऱ्यावर नजर लावून बसली. मग तिसऱ्यावर. खाली मनोल्यांचा थवा येऊन सरळ मधल्या वाफ्यात घुसला.

"आई," वरून सोनी ओरडली, "पाखरं बी खातायत!"

"बघतेय मी."

"ओ कोंडाबाई!" पंपाच्या खोलीपाशी सुधाकर किल्ली फिरवत उभा होता. "राखायला आलात की जेवायला घालायला?"

 ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. एकही पाखरू पडलं नाही. मग तिने गोफणीत गोळा घातला, उभी राहिली आणि सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली. थवा उठला. एकूण एक पाखरू उठलं की नाही, हे बघण्यासाठी ती वाफ्यात वाकून शोधत राहिली.